दुमडलेलं टोक

कुणीतरी डाव्या खांद्यावर थाप मारली असं वाटून अविनोनं मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. किसुमूतला किबुयेचा उतार नेहमीसारखाच होता. टोमॅटोवाल्या बायका पोती पसरून बसल्या होत्या, वरून प्रवाशांनी भरलेली एक माटाटू येत होती, पण ती अजून बरीच लांब होती. ओळखीचं कुणी नाही, हाक नाही, काही नाही. ती पुन्हा पुढे वळली, तर पुढे नुसता धुरळा. मग तिला कळलं की हातातली ओमेनाची पुडी खाली पडली आहे, बोटबोटभर सुकी मासळी रस्त्यावर पांगली आहे, आणि खांदा ठणकायला लागला आहे. कडेला मांदाझी तळत बसलेली म्हातारी झारा कढईवर तसाच धरून तिच्याकडे बघत होती. ‘‘बाई, तू आत्ता मेली होतीस,’’ ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, पीठ संपलं म्हणून सांगावं तशी. ‘‘मोटारसायकल होती. तुझ्या इतक्या जवळून गेली की मी डोळेच मिटले.’’ अविनोनं विचारलं, ‘‘कुठली मोटारसायकल? मला आवाज नाही आला.’’ ‘‘आवाज असता तर तू बाजूला झाली नसतीस का? हल्ली निघाल्यात ना त्या मुक्या, विजेवरच्या.’’ ‘‘कोण होतं तिच्यावर?’’ ‘‘मी तुला बघत होते, त्याला कशाला बघू?’’ म्हातारी म्हणाली आणि कढईतल्या मांदाझी उलट्या करायला लागली. एव्हाना त्या करपल्या होत्या.

अविनो खाली बसून मासे वेचायला लागली. मेली होतीस. म्हणजे आत्ता, मासळीवालीशी मूठभर जास्त घाल म्हणून हुज्जत घालून आल्यावर, वळता वळता, काही न कळता. त्यापेक्षाही तिच्या जिवाला लागलं ते हे की तिला ऐकू आलं नाही. दुसऱ्या कुणाचं सोडा, पण अविनोला ऐकू येऊ नये? बावीस वर्षं ती रेडिओ दुरुस्त करून, कानावर पोट भरत होती. रेडिओ उघडायच्या आधी ती नुसता कानाशी धरायची आणि सांगायची, याचा पडदा फाटलाय, याच्या आत झुरळ गेलंय, याला काही झालेलं नाही, तुझ्या नवऱ्यानं बॅटरी उलटी घातलीय. हे बाबांनी शिकवलेलं. बाबा म्हणायचे, आपल्या धंद्यात पहिलं हत्यार कान, मग पकड, मग डोळे. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या त्या दुकानात शाळा सुटल्यावर ती त्यांच्या गुडघ्याशी बसायची आणि बाबा दोन रेडिओ एकदम लावून विचारायचे, सांग, आजारी कोण? ती सांगायची. चुकली की बाबा काही बोलत नसत, नुसती मान हलवत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असायचं. आज ते असते तर त्यांनी अशीच मान हलवली असती.

पण थांब. अगदीच काही ऐकू आलं नव्हतं असं नाही. मासे वेचता वेचता तिला ते आठवायला लागलं, झालेलं जेवण तोंडात उशिरा तिखट लागावं तसं. थाप बसल्यानंतर, ती मागे वळत होती तेव्हा, पुढच्या बाजूला एक बारीक सूर होता. चढता, सुईसारखा, शेवटी किंचित थरथरणारा. विजेच्या गाड्या गावात आता पुष्कळ झाल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच सुरात गुणगुणत, कारण साठाच्या पुढे काटा जाऊ नये म्हणून कंपनीनं त्यांना बांधून ठेवलेलं असे. हा सूर त्याच्या वरचा होता. असा सूर तिनं आयुष्यात एकाच गाडीचा ऐकला होता, आणि ऐकला होता तो त्या गाडीवर बसून. तिच्या हातातला मासा पुन्हा खाली पडला. चुलतभाऊ ओबुयाची गाडी. आणि पावणेचार वाजले होते. पावणेचारला ओबुया तिच्या मुलीला, अकेयोला, शाळेतून घरी आणतो.

ती उठली आणि चालायला लागली. पुडी तिथेच राहिली. ओबुयाचा थांबा कोपऱ्यावरच्या आंब्याखाली होता, दहा मिनिटांवर, आणि ती दहा मिनिटं ती मनाशी एकच गोष्ट घोकत होती, मी एक वायर काढली होती, एकच. सहा आठवड्यांपूर्वी. त्यानंतर ओबुयानं आणखी काहीतरी केलं असणार. कुणाकडून तरी मोठी मोटर बसवून घेतली असणार, वेग आवरणारी ती पेटी बदलली असणार. हे वाढलेलं आहे, एवढं मी केलेलं नाही. नुसती एक पांढरी वायर, आणि तीसुद्धा तोडली नव्हती, फक्त खोबणीतून बाहेर ओढली होती. खांदा ठणकत होता. आरसा लागला असेल, हँडल लागलं असेल, असं म्हणत ती खांदा चोळत होती. पण खांद्याला आठवत होतं ते काही लोखंडासारखं नव्हतं. ते मऊ होतं. गाडी मऊ कशी लागेल, असं म्हणून तिनं तो विचार झटकून टाकला.

सहा आठवड्यांपूर्वीची ती बाबांची मयत काय साधीसुधी होती. म्हातारा माणूस गेला, घरादाराचा, नातवंडांचा माणूस, त्याच्यासाठी मरणाला हद्दीबाहेर हाकलून यायलाच हवं. पूर्वी बैल घेऊन जात, भाले घेऊन, आरडाओरडा करत. आता बैल कुणाकडे आहेत? आता मोटारसायकली असतात. दवाखान्याच्या शवघराबाहेर भाड्यानं मोटारसायकल चालवणारे तीसेक बोडावाले जमले होते, हँडलला हिरव्या फांद्या बांधून, जागच्या जागी गाड्या गर्जवत. त्या धुरानं आणि आवाजानं अविनोला बरं वाटलं होतं. बाबांना आवाज आवडायचा. आणि त्या तीस गाड्यांत तिच्या चुलत्याचा मुलगा ओबुया आपली ती नवी विजेची गाडी घेऊन उभा होता, फांदी सगळ्यांत मोठी, आणि आवाज शून्य. पोरांनी त्याला धारेवर धरलं. रासुगू, थांब्याचा म्होरक्या, पेट्रोलवाला जुना माणूस, सगळ्यांच्या देखत म्हणाला, ‘‘ओबुया, तू मागे राहा बाबा. तुझा पंखा ऐकून मरण म्हणेल, कुणीतरी वारा घालतंय, बसू या जरा.’’ सगळे हसले. तिचे मामेभाऊसुद्धा हसले. ओबुयाचा चेहरा एवढासा झाला. खरं म्हणजे अविनोनंही हसायला हवं होतं, विनोद काही वाईट नव्हता. पण बाबा आत बर्फावर पडले होते आणि त्यांच्या स्वतःच्या घरचा मुलगा त्यांच्या मयतीत हसण्याचा विषय झाला होता, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पर्समधून छोटा पेचकस काढला. तो तिच्याकडे नेहमी असतो, दुसऱ्या बायकांकडे कंगवा असतो तसा. गाडीच्या बाजूचं झाकण खोललं. ओबुया म्हणाला, ‘‘ताई, काय करतेस, कंपनीची गाडी आहे.’’ ती म्हणाली, ‘‘गप उभा राहा.’’ आतली पेटी कधी पाहिली नव्हती, पण पेट्या काय, सगळ्या एकाच आईच्या. वेगाला वेसण घालणारी वायर तिनं दोन मिनिटांत हुडकली, ओढली, उघड्या टोकावर टेप गुंडाळली आणि झाकण लावलं. ‘‘चल,’’ म्हणाली, ‘‘आता बघू कोण मागे राहतं. परत आलास की जोडून देईन.’’

आणि ती त्याच्या मागे बसली. हे ती कुणाला सांगत नसे. बाप मेलेली बाई, काळ्या कापडात, हातात फांदी, मोटारसायकलवर. गावाबाहेर सपाट रस्ता लागला, दोन्हीकडे भाताची शेतं, आणि ओबुयानं मूठ पिळली. मागचा सगळा कल्लोळ मागे मागे पडत गेला. रासुगू गेला, मामेभाऊ गेले, शववाहिनीसुद्धा गेली, आणि उरला तो एक बारीक चढता सूर आणि कानात वारा. काटा साठावर अडखळला नाही, पंच्याऐंशीवर गेला, नव्वदवर गेला. अविनो रडत होती आणि रडता रडता ओबुयाच्या पाठीवर थापा मारत होती, पळव, अजून पळव. तिला अगदी स्पष्ट वाटलं होतं की पुढे काहीतरी पळतं आहे, आणि ते घाबरलेलं आहे. जन्मात कधी तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आता या रस्त्यानं घाईघाईनं चालताना त्याची आठवण झाली आणि तिला स्वतःची शिसारी आली.

कारण हद्दीपाशी थांबायचं होतं. तिथे चिंचेखाली सगळे थांबणार, फांद्या टाकणार आणि मागे न बघता वळणार, असं ठरलेलं. ओबुयानं ब्रेक दाबला. दोन्ही दाबले. गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण चिंच मागे टाकून, रस्ता सोडून, बांधावरून उडी मारून भातात, तीस-चाळीस पावलं आत, गुडघाभर चिखलात. त्या गाडीचे ब्रेक साठाच्या मापाचे होते. ज्यानं ती घडवली त्यानं साठ धरूनच सगळं घडवलं होतं, चाकं, साखळी, ब्रेक, सगळं. हे अविनोला चिखलात बसल्या बसल्या कळलं. कळलं नव्हतं असं तिला म्हणता येणार नाही. बॅटरीला हात लागला तर चटका बसला होता, आणि एक वास येत होता, गरम प्लास्टिकचा, तिच्या धंद्यात तो वास आला की आधी खटका बंद करतात आणि मग श्वास घेतात. पण मागून रासुगू आणि मंडळी आली आणि हसून हसून लोळली. ‘‘अरे, मरणाला हद्दीपर्यंत सोडायचं असतं, घरापर्यंत नाही,’’ रासुगू म्हणाला. अविनोसुद्धा हसली. चिखलानं माखलेली, डोळे सुजलेले, पोट धरधरून हसली. मग दफन, मग जेवणं, मग पाहुण्यांचं जाणं, बाबांचं दुकान उघडणं, त्यांची खुर्ची हलवायची की नाही यावर आठवडाभर घोळ. वायर राहिली. ओबुया आला नाही आणि तिनं बोलावलं नाही. आणि सोमवारपासून अकेयो पुन्हा त्याच्याच गाडीवरून शाळेत जायला लागली, कारण आधीपासून त्याच्याच गाडीवरून जात होती.

आंब्याखाली ओबुया नव्हता. रासुगू आपल्या गाडीवर आडवा पडून शेंगा खात होता. ‘‘अकेयो कुठाय?’’ अविनोनं विचारलं. धाप लागली होती. ‘‘घरी सोडली असेल ना, ओबुया बॅटरी बदलायला गेलाय. काय झालं?’’ घरी. अविनोनं आंब्याला हात टेकला. रासुगूनं बूड सरकवून जागा दिली. ‘‘बस. तुझ्या भावाला आम्ही आता काय म्हणतो ठाऊक आहे? भूत. येताना कळत नाही, जाताना दिसत नाही. परवा एका शेळीला उडवलं. शेळीनं मान पण वर केली नव्हती बिचारीनं.’’ तो हसला आणि मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. ‘‘मी बोललो त्याला,’’ तो म्हणाला. ‘‘म्हटलं, पेट्रोलची गाडी आधी ओरडते मग येते, तुझी ओरडतच नाही, तेव्हा तू तरी हळू चालव. तर म्हणतो, गिऱ्हाइकं मला फोन करून बोलावतात, तुला नाही.’’

तेवढ्यात ओबुया आला. आधी दिसला, मग ऐकू आला. ‘‘ताई, तू इकडे?’’ तो म्हणाला. हसतमुख, घामेजलेला, बाबांच्या घरच्या सगळ्यांसारखे दात पुढे. ‘‘मघाशी किबुयेच्या उतारावर होतास?’’ तिनं विचारलं. ‘‘तिथूनच आलो अकेयोला घेऊन. का?’’ ‘‘माझ्या खांद्याला लागली तुझी गाडी.’’ ओबुयानं गाडीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं. आरसा धड होता, हँडलवर ओरखडा नव्हता. ‘‘तुझ्या खांद्याला? ताई, माझी गाडी लागली असती तर तू इथे उभी नसतीस. दुसरं काहीतरी असेल.’’ ‘‘ती वायर जोडायचीय.’’ ‘‘कुठली वायर?’’ ‘‘तू नंतर काय केलंस तिला? कुणाकडे नेलीस?’’ ‘‘मी? मी झाकणसुद्धा उघडलेलं नाही.’’ तो आता हसत नव्हता. आंब्याखालची दोन-तीन माणसं जवळ आली. ‘‘तूच काढलीस, ताई. सगळे होते. मी नको म्हणत होतो. तेव्हा माझ्या पाठीवर थापा मारत होतीस ना, अजून पळव म्हणून?’’ कुणीतरी खोकलं. अविनोला वाटलं, आत्ता, इथेच, पेचकस काढावा. पर्समध्ये होताच. पण पाठीवरच्या त्या थापा सगळ्यांच्या तोंडावर अजून दिसत होत्या, आणि तिचा हात पर्सकडे गेलाच नाही. ‘‘उद्या सकाळी दुकानात ये,’’ ती म्हणाली. ‘‘येतो,’’ ओबुया लगेच म्हणाला, इतक्या लगेच की तो येणार नाही हे रासुगूलासुद्धा कळलं असावं. आणि ती निघाली. लाज वाटून निघाली. दुसरं काही कारण नव्हतं.

घरी अकेयो टेबलाशी गृहपाठ करत बसली होती. अविनोनं चहा टाकला, मक्याच्या उगालीसाठी पाणी ठेवलं, आणि मासळी रस्त्यावरच राहिली हे आठवून भाजी चिरायला घेतली. पोरगी गप्प होती. अकेयो आणि गप्प, हे काही बरोबर नव्हतं, पण अविनोच्या स्वतःच्याच डोक्यात इतका गोंगाट होता की ते तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तिनं पाहिलं की पोरगी डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षरं कुठल्या कुठे जात होती. उजवा हात टेबलाखाली होता. ‘‘हात वर घे,’’ अविनो म्हणाली. ‘‘का?’’ ‘‘घे वर.’’ अकेयोनं हात वर घेतला. मधली दोन बोटं जांभळी, सुजून तट्ट, एकमेकांना चिकटल्यासारखी. ‘‘शाळेत पडलीस?’’ अकेयोनं नाही म्हणून मान हलवली आणि तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही, नऊ वर्षांची होती आणि आजोबांची नात होती. ‘‘मामाला सांगणार नाहीस ना? तो मग मला नेणार नाही.’’ ‘‘काय सांगणार नाही?’’ ‘‘तू चालली होतीस ना उतारावरून,’’ अकेयो म्हणाली. ‘‘मी आधी हाक मारली. तू वळली नाहीस. म्हणून मी हात लांब केला. मला वाटलं, हळूच लागेल.’’

अविनोच्या हातात सुरी होती ती तिनं खाली ठेवली. कुठे ठेवते आहे ते न बघता ठेवली. तिचा खांदा होता आणि त्यावर ही बोटं होती. तेच मऊ होतं ते. तिच्याच घरातलं, तिच्याच पोटचं, तिला हाक मारत, हसत, मागून येत होतं आणि तिला ऐकू आलं नाही. आणि तिनं स्वतःच ते इतकं भरधाव केलं होतं की हाक मागे राहिली आणि हात पुढे आला. मनगट अडकलं असतं तर? आपण त्याच क्षणी वळलो असतो तर? पोर मागून ओढली गेली असती आणि आपण मासे वेचत बसलो असतो. तिला रडू फुटलं नाही, ते वाईट झालं. मग शेजारच्या नर्सबाईला बोलावलं. नर्सबाईनं बोटं एकेक करून वाकवली, अकेयोनं ओठ चावला. मोडलेलं नाही, मुरगळलंय, नर्सबाई म्हणाली, थंड पाण्यात बुडव, बांध, उद्या दवाखान्यात दाखव. अविनोनं जुन्या ओढणीची पट्टी फाडून बोटं बांधली. चहा उकळून उकळून आटला होता. तिनं चूल विझवली आणि पर्स घेतली. ‘‘चल,’’ ती म्हणाली.

ओबुया दोन गल्ल्या सोडून राहायचा. दिवेलागण झाली होती. तो दारात पाय धूत होता आणि गाडी अंगणात भिंतीला टेकून उभी होती. अविनो त्याच्याशी बोलली नाही. गाडीपाशी उकिडवी बसली आणि पेचकस काढला. ‘‘ताई, उद्या म्हणालीस ना,’’ ओबुया म्हणाला. मग त्याला अकेयोच्या हाताची पट्टी दिसली. ‘‘हिला काय झालं?’’ तो एकदा पट्टीकडे आणि एकदा अविनोच्या खांद्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला आणि तो ओल्या पायांनी होता तिथेच उंबऱ्यावर बसला. अकेयोनं डाव्या हातात फोनचा दिवा धरला आणि आईच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली, अविनो बाबांच्या खांद्यावरून बघायची तशी.

झाकण निघालं. अविनोनं आत पाहिलं. या सबंध संध्याकाळी, आंब्याखालीसुद्धा, अगदी पोरीची बोटं बांधतानासुद्धा तिनं मनात एक जागा राखून ठेवली होती, की आत काहीतरी वेगळं निघेल, दुसऱ्या कुणाच्या हातचं, ओबडधोबड, जळकं, मोठी पेटी, नवी जोडणी. आत काहीच नव्हतं. होतं ते सगळं होतं तसं. धूळ बसली होती, धुळीवर कुणाचं बोट उठलेलं नव्हतं. पांढरी वायर एका बाजूला आणि तिच्या टोकावर काळी टेप, तीन वेढे, आणि टेपचं शेवटचं टोक नखाएवढं दुमडून उभं ठेवलेलं. हे बाबांनी शिकवलेलं. टोक दुमडून ठेवावं, म्हणजे पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जातं. सबंध किसुमूत दुसरं कुणी असं करत नसे. शवघराच्या अंगणात, रागाच्या भरात, तिनं तेवढं मात्र आठवणीनं केलं होतं.

‘‘हे कुणी काढलं होतं गं, आई?’’ अकेयोनं विचारलं. दिवा तिच्या हातात थोडा हलला.

उंबऱ्यावरून ओबुयानं मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता, बहुतेक तिच्या बाजूनंच. अविनोनं हात वर करून त्याला थांबवलं. दुमडलेलं टोक चिमटीत धरलं. ते लगेच सुटलं.

‘‘मी,’’ ती म्हणाली. ‘‘दिवा सरळ धर.’’